आभासी ग्रंथालय: कपाटं दाखवायची की शेजार?

निळी शाई (धागाकर्ती)

मंडळी, एका जुन्या संग्रहाचं आंतरजालावरचं ग्रंथालय उभं करायचं काम आमच्या छोट्या गटाने अंगावर घेतलंय. पुस्तकं स्कॅन झालीत, तालिका (पुस्तकांची नोंदयादी) बऱ्यापैकी स्वच्छ आहे, सर्व्हरची सोयही झालीय. घोडं अडलंय ते दर्शनी भागावर. निम्म्या गटाचं म्हणणं, वाचक आत आला की त्याला ग्रंथालयात आल्यासारखं वाटलं पाहिजे. म्हणजे दार, दालन, कपाटांच्या रांगा, पुस्तकावर बोट ठेवलं की ते फळीतून पुढे सरकणार, पान उलटलं की आवाज येणार. उरलेले म्हणतात, एक शोधपेटी द्या आणि बाजूला व्हा. मला दोन्ही पटत नाही, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी मीच खाते.

पडद्यावर ग्रंथालयाचं रूपक घ्यायचं म्हणजे नेमकं काय घ्यायचं, हेच आमच्यात कुणी बोललेलं नाही. खऱ्या ग्रंथालयात दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक म्हणजे सामान: फळ्या, भिंती, शिड्या, कुलपं. दुसरी म्हणजे मांडणी: कुठलं पुस्तक कुणाच्या शेजारी उभं आहे, मी आत्ता कुठे आहे, डावीकडे सरकले तर काय लागेल, या विषयावर एकूण ऐवज किती. सामान आलं ते गुरुत्वाकर्षणापायी. पुस्तकं तरंगत नाहीत म्हणून फळ्या, हात पोचत नाही म्हणून शिडी. पडद्यावर यातलं एकही कारण शिल्लक राहत नाही. मांडणी मात्र माणसांनी डोकं चालवून बसवलेली आहे, आणि एकटी शोधपेटी ठेवली की नेमकी तीच आधी जाते. 'पाणी' असा शब्द टाकला की पुस्तकांची यादी येते, पण त्या यादीला ना आजूबाजू, ना खोलपणा. न आलेली पुस्तकं कोणती, ती कुठे आहेत, ते कळायला मार्ग नाही.

जुनं उदाहरण घ्या. झेरॉक्सच्या स्टार संगणकावर १९८१ साली टेबल, फोल्डर, कागद अशी चित्रं आली. आज ज्यांनी पुठ्ठ्याचं फोल्डर हातातही घेतलेलं नाही, ते फोल्डर सहज वापरतात. आणि गंमत म्हणजे पुठ्ठ्याच्या फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असं खऱ्या टेबलावर कुणी करत नसे. चित्र पुठ्ठ्याचंच राहिलं, पण 'एकात एक' हे नातं टिकलं आणि पुठ्ठ्याला जमलं नसतं इतकं वाढलं. मला ग्रंथालयाच्या रूपकाकडून तेवढंच हवंय.

म्हणून मी केलेला कच्चा आराखडा असा आहे: पुस्तकाचं पान उघडलं की त्याच्या दोन्ही बाजूंना फळीवरचे शेजारी दिसतील, वर 'तुम्ही इथे आहात' अशी एक ओळ असेल, आणि खाली हेच पुस्तक आणखी कुठल्या फळीवर उभं राहू शकलं असतं ते. दालन नाही, दार नाही. यात काय सुटतंय? आणि ज्यांनी त्रिमिती दालनं वापरली आहेत त्यांचा अनुभव काय?

टिचकी

एवढं लांबण कशाला? लोकांना पुस्तक हवंय, सहल नको. शोधा, उघडा, वाचा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच नियमांतला चौथा काय सांगतो? वाचकाचा वेळ वाचवा. १९३१ सालचं पुस्तक आहे ते, तेव्हा संगणकही नव्हते. शेजारीपाजारी दाखवत बसलात तर माणूस आला होता कशाला तेच विसरून जाईल.

वाळवी

टिचकीराव, 'आला होता कशाला ते विसरला' ही ग्रंथालयाची बदनामी नव्हे, जाहिरात आहे. असो.

शाई तै, दालनाच्या बाजूचा इतिहास आधी सांगते, कारण गटातल्या मंडळींना तो दाखवता येईल. १९९४ मध्ये जनरल मॅजिक या कंपनीची मॅजिक कॅप नावाची प्रणाली आली. त्यात टेबल होतं, टेबलावरून बाहेर पडलं की दारांचा व्हरांडा, त्यापलीकडे रस्ता आणि रस्त्यावर इमारती. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'बॉब' काढलं: घराच्या खोल्या, भिंतीवरच्या वस्तूंना टिचकी मारली की कार्यक्रम उघडणार. दोन्ही चालली नाहीत. महाग यंत्रं, मंद वेग अशी कारणंही होतीच. पण एक दुखणं दोन्हीकडे सारखं होतं. खोली पहिल्या वेळेला मदत करते आणि नंतर रोज आडवी येते. पहिल्यांदा येणाऱ्याला 'पत्र लिहायचं तर लेखणीला हात लाव' हे शिकवावं लागत नाही. रोज येणाऱ्याला मात्र रोज तोच व्हरांडा ओलांडावा लागतो.

अॅपलच्या आयबुक्स या ई-पुस्तकांच्या अॅपमधलं लाकडी कपाट आठवतंय का? २०१० मध्ये आलं. दुकानाचं बटण दाबलं की अख्खं कपाट गुप्त दरवाज्यासारखं गर्रकन फिरायचं आणि मागे दुकान निघायचं. मला भयंकर आवडायचं ते! २०१३ मध्ये लाकूड गेलं आणि सपाट पांढरी जागा आली. पुस्तक शोधायला यामुळे काडीचा फरक पडला नाही, कारण ते कपाट मांडणीबद्दल काही सांगतच नव्हतं. नुसता पाठीमागचा पडदा होता.

पण एक उदाहरण उलट दिशेचं आहे, आणि ते अगदी तुमच्याच विषयाचं आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये अनेलिझे मार्क पेयटरसेन यांच्या गटाने ललित पुस्तकं शोधायला 'बुक हाउस' नावाची प्रणाली केली. पडद्यावर घर, आत मुलांची खोली, मोठ्यांची खोली, दोघांची मिळून एक. खोलीत शिरलं की शोधायचे चार रस्ते: बारकाईने निकष लावून, 'या पुस्तकासारखं दुसरं दे' म्हणून, चित्रं चाळत, किंवा नुसतं इकडेतिकडे बघत. वाचक हे सगळं वापरू शकले. घरामुळे का? मला नाही वाटत. पेयटरसेन यांनी त्याआधी ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातली खरी संभाषणं अभ्यासली होती. वाचक 'अमुक वर्गांकाचं (विषयाच्या सांकेतिक क्रमांकाचं) द्या' म्हणत नाही. तो म्हणतो, समुद्रावरचं, जुन्या काळचं, फार रडवणारं नको. म्हणून प्रत्येक पुस्तकाची नोंद कथानक, स्थळकाळ, लेखकाचा रोख, वाचायला सोपं की अवघड अशा अंगांनी केली होती. घर हे त्या नोंदींवरचं झाकण होतं. नोंदी नसत्या तर ते घर म्हणजे 'बॉब'च.

देवघेव खिडकी

मी व्यवसायाने ग्रंथपाल. टिचकी, चौथा नियम बरोबर सांगितलात, पण तिसरा गाळलात. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. आणि त्या नियमाखाली रंगनाथन मुक्तद्वाराचा हिरिरीने कैवार घेतात. वाचकाला कपाटांपर्यंत मोकळं जाऊ द्या, म्हणजे ज्या पुस्तकाचं नावही त्याला ठाऊक नाही ते त्याला सापडेल.

ग्रंथालयं दोन तऱ्हेची असतात हे या चर्चेत आलं नाही म्हणून सांगते. मुक्तद्वार पद्धतीत वाचक स्वतः कपाटांमध्ये फिरतो. बंद पद्धतीत तो खिडकीशी उभा राहतो, चिठ्ठीवर नाव लिहितो, आतून कुणीतरी पुस्तक आणून देतं. तुमची शोधपेटी म्हणजे रूपकाचा अभाव नाही. ती बंद ग्रंथालयाची खिडकी आहे. नाव बरोबर लिहिलं तर पुस्तक, नाही तर 'काहीही आढळले नाही'. आतला माणूस निदान 'अहो, तुम्हाला अमुक म्हणायचंय का?' असं विचारायचा. तेव्हा शोधपेटीवाल्यांनी 'आम्ही रूपकबिपक मानत नाही' असं म्हणू नये. तुम्हीही एक ग्रंथालयच निवडलंय, फक्त जुन्या वळणाचं.

आता शेजाराबद्दल. फळीवरची मांडणी कशी असावी याला रंगनाथनांनी एक आकृतिबंध दिलाय, आम्ही त्याला 'अपुपा' म्हणून शिकलो. मधोमध विषयाचा गाभा, दोन्ही बाजूंना त्याच्याशी नातं असलेले विषय आणि टोकांना परके. वाचक गाभ्याशी उभा राहिला की नजर आपोआप कडेला जाते. तुमच्या आराखड्यात शेजारी दाखवताना हे लक्षात ठेवा. चार डावीकडे आणि चार उजवीकडे एवढंच दाखवलंत तर सगळे गाभ्यातलेच येतील, आणि गाभा संपून दुसरा विषय कुठे सुरू झाला हे कधी दिसणारच नाही. खरी मजा त्या कडेला असते.

पण फळीला भोळेपणाने देव्हाऱ्यात बसवू नका. छापील पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं, म्हणून वर्गीकरणाला दर वेळी एक बाजू निवडावी लागते. ड्यूई दशांश या वर्गीकरण पद्धतीत लांडगा प्राणिशास्त्रात जातो, ५९९.७७३. कुत्रा पाळीव जनावरांत, ६३६.७. जीवशास्त्राने सख्खे, पण मध्ये वैद्यकाचं आणि यंत्रविद्येचं अख्खं कपाट. धर्माचं तर विचारूच नका: २०० च्या वर्गात २२० पासून २८९ पर्यंत मुख्यतः ख्रिस्ती धर्म, आणि जगातले बाकी धर्म २९० च्या एका दशकात दाटीवाटीने. ही पद्धत काढणाऱ्या १८७६ सालच्या माणसाचं जग होतं ते. कागदावर हे फक्त आकडे असतात. तुम्ही याचं दालन बांधलंत, की तोच पक्षपात भिंतीएवढा उभा राहील आणि वाचकाला वाटेल जगच असं आहे.

म्हणून शाई, तुमच्या आराखड्यातली तिसरी गोष्ट, 'हे पुस्तक आणखी कुठे उभं राहू शकलं असतं', मला सर्वांत मोलाची वाटते. आमच्या हातात ती कधीच नव्हती. फार तर तालिकेत एकाच पुस्तकाची चार विषयपत्रं (नोंदीची कार्डं) करून चार खणांत लावायचो, म्हणजे पत्रं चार आणि पुस्तक एक.

निळी शाई

खिडकी ताई, 'शोधपेटी म्हणजे बंद ग्रंथालयाची खिडकी' हे आमच्या पुढच्या बैठकीत मी तुमच्या नावाने वाचून दाखवणार आहे. वाळवी, झाकणाचा मुद्दाही.

कडेबद्दल: मग शेजार दोन पल्ल्यांत दाखवला तर? जवळच्या काही पुस्तकांचे कणे (फळीवर दिसणारी नावाची कड) पूर्ण, आणि त्यांच्या पलीकडे फक्त विषयाचं नाव असलेली पाटी: 'इथून पुढे सिंचन', 'इथून मागे हवामान'.

देवघेव खिडकी

हो. कपाटाच्या कडेला आम्ही लावतो ना, तशीच.

अर्धविराम

वाखुसा (वाचनखूण साठवली). आता जमिनीवर येऊ, कारण हे लिहून चालवायचं काम माझ्यासारख्याकडेच येणार.

पहिली गोष्ट, क्रम. शेजार दाखवायचा तर पुस्तकं वर्गांकाने लावावी लागतात, आणि वर्गांक म्हणजे नुसता मजकूर नव्हे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरण पद्धतीत 'क्यूए ९' आणि 'क्यूए ७६' असे अंक असतात. मजकूर म्हणून लावलंत तर ७६ आधी येतो आणि ९ नंतर, कारण यंत्र पहिलं अक्षर बघतं. ड्यूईत दशांश असल्याने हा त्रास कमी, पण पुढे ग्रंथांक, खंड क्रमांक, आवृत्तीचं साल आलं की तिथेही घोळ सुरू. 'कोहा' या मुक्त ग्रंथालय प्रणालीत यासाठी मूळ वर्गांकाशेजारी क्रमासाठी वेगळा रकाना ठेवलेला आहे, त्यात अंक ठरावीक रुंदीचे करून साठवतात. त्यांच्या तालिकेत 'फळी चाळा' अशी सोयही आहे. म्हणजे तुमचा शेजार-पट्टा अगदीच जगावेगळा नाही, आधी तो नीट वापरून बघा.

दुसरी गोष्ट, कणे. कण्याची जाडी आणि उंची मनाने काढू नका. तालिकेच्या मार्क (संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातल्या) नोंदीत ३०० क्रमांकाच्या क्षेत्रात पृष्ठसंख्या असते आणि पुस्तकाची उंचीही, सेंटिमीटरमध्ये, वरच्या पूर्णांकाला नेऊन. ग्रंथपालांनी ती इमानेइतबारे भरलेली असते आणि आपण कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. हार्वर्डच्या लायब्ररी इनोव्हेशन लॅबने 'स्टॅकव्ह्यू' नावाचं जे केलं होतं त्यात हीच माहिती वापरली: पानांवरून जाडी, नोंदीवरून उंची आणि पुस्तक किती वापरलं गेलंय त्यावरून रंग गडद-फिका. सजावट दिसते पण प्रत्येक मापाला अर्थ आहे. जाडजूड, मळकट झालेलं पुस्तक फळीवर दिसलं की आपण जे ओळखतो, तेच.

आणि त्यांनी पुस्तकं उभी लावली नाहीत, आडवी एकावर एक रचली. इथे आपला फायदा आहे. उभ्या कण्यावर नाव फिरवून लिहावं लागतं. इंग्रजी पुस्तकांवर ते वरून खाली जातं, फ्रेंचवर बऱ्याचदा खालून वर. देवनागरी नव्वद अंशात फिरवली की शिरोरेषा उभी होते, मात्रा-वेलांट्या कडेला लटकतात आणि बारीक टंकात काही म्हणजे काही वाचता येत नाही. आडव्या थप्पीत नाव सरळ वाचता येतं. शिवाय मोबाइलचा पडदा उंच आणि अरुंद, बोट वर-खालीच सरकतं. थप्पी त्यात चपखल बसते, फळी बसत नाही.

वाळवी

थप्पी! काही जण नाक मुरडतील की ग्रंथालयात थप्पी म्हणजे अव्यवस्था. मुरडू देत. नातं तेच राहतं, खाली-वर काय आहे ते कळतं. शाई तैंच्या मूळ मुद्द्याचा यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही: फळी आडवी पाडली तरी शेजार शाबूत.

सागवान

सगळे मिळून लाकडाला शिव्या देताय म्हणून मी लाकडाच्या बाजूने दोन शब्द बोलतो.

माणूस सगळा हिशेबाने चालत नाही. अनोळखी जागी गेल्यावर 'इथे काय करायचं असतं' हे त्याला दिसण्यावरून कळतं. शांत दालन बघितलं की वाचायची बैठक येते. पांढऱ्या पानावर चौकटी दिसल्या की खरेदीची. तुम्ही सामान आणि मांडणी असे दोन भाग केलेत, पण सामान हेही काही सांगत असतं.

मुलांचं बघा. मेरीलँड विद्यापीठात मुलांना बरोबर घेऊन इंटरनॅशनल चिल्ड्रन्स डिजिटल लायब्ररी तयार केली, २००२ मध्ये खुली झाली. मुलांनी पुस्तक शोधायला काय मागितलं? मुखपृष्ठाचा रंग. आणि ती सोय खरोखर दिली गेली, लाल पुस्तकं, निळी पुस्तकं. कुठल्याही वर्गीकरणात मुखपृष्ठाच्या रंगाला स्थान आहे का? नाही. रंग म्हणजे तुमच्या भाषेत सामान. पण मुलाला आठवत होतं ते तेच.

पान उलटण्याचंही तसंच. ब्रिटिश लायब्ररीने १९९० च्या दशकात दुर्मिळ हस्तलिखितांसाठी पडद्यावर पानं उलटायची सोय केली होती, लोक रांगेने बघायचे. समोरासमोरच्या पानांवर मिळून एक चित्र असेल, तर ती दोन पानं एकत्र आणि त्याच क्रमाने बघणं हा वाचण्याचाच भाग आहे.

निळी शाई

सागवान, रंगाचा मुद्दा मानला. पण बघा, मुलांनी रंग मागितला तो पुस्तक *ओळखायला*. म्हणजे पुस्तकाचं दिसणं कामाचं आहे, कपाटाचं नाही. स्कॅन केलेलं मुखपृष्ठ, कण्याचा खरा रंग, जुन्या बांधणीचा पोत, हे सगळं मी ठेवणार. फळीचं लाकूड कुठल्या झाडाचं, हे नाही. (तुमचं सदस्यनाम बघता हे तुम्हाला लागेल, क्षमस्व.)

समोरासमोरची पानं ठेवू. पान उलटण्याचा आवाज मात्र माझ्या हयातीत येणार नाही.

कर्सर

मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा) वापरतो. त्रिमिती दालनात शिरलो की मला बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही, फार तर 'ग्राफिक'. तुमचं झुंबर, शिड्या, तिरपा उजेड या सगळ्याची माझ्याकडे एवढीच किंमत.

पण म्हणून मी टिचकींच्या बाजूला आहे असं समजू नका. डोळस माणसाला यादी निदान एका नजरेत दिसते, मला ती एकेक ओळ ऐकावी लागते. शंभर निकालांची सपाट यादी म्हणजे शंभर वेळा ऐकणं. म्हणून मांडणीची गरज मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. 'तुम्ही इथे आहात', 'इथून पुढे सिंचन' या दोन ओळी खरी शीर्षकं म्हणून आल्या, तर मी शीर्षकांवरून उड्या मारत अख्खं कपाट चटकन फिरू शकतो. शेजार ही दिसण्याची गोष्ट नाहीच. क्रम आहे तो, आणि क्रम ऐकता येतो.

फक्त एक चूक करू नका, सगळे करतात. थप्पीतला प्रत्येक कणा टॅब कळीवर थांबवू नका. तीनशे पुस्तकं असली तर तीनशे वेळा टॅब दाबल्याशिवाय मला खालच्या मजकुराकडे जाता येत नाही. अख्ख्या थप्पीला एकच टॅब, आत गेल्यावर वर-खाली बाणांनी फिरणं, आणि बाहेर पडून परत आलो तर ज्या पुस्तकावर होतो तिथेच. याला रोव्हिंग टॅबइंडेक्स म्हणतात, अर्धविरामांना माहीत असेल.

आणि जाडी-उंची-रंग यांना अर्थ आहे म्हणताय, तर तो अर्थ शब्दांतही द्या. 'जाड, बरंच वाचलं गेलेलं' एवढं पुरे.

अर्धविराम

माहीत आहे, आणि मी स्वतः बऱ्याच ठिकाणी केलेलं नाही असं कुणी विचारायच्या आत विषय बदलतो. :)

वाळवी

त्रिमितीबद्दल शाई तैंनी अनुभव विचारला होता, तो राहिलाच. दोन अभ्यास सांगते. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'डेटा माउंटन' केलं. तिरक्या पठारावर लोकांनी आपापल्या आवडीच्या पानांची छोटी चित्रं मनाजोगती मांडायची. त्या वेळच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या आवडत्या पानांच्या यादीपेक्षा लोकांना पठारावर पानं लवकर सापडली. झालं, सगळ्यांना वाटलं त्रिमिती जिंकली. मग २००२ मध्ये कॉकबर्न आणि मॅकेन्झी यांनी खरी आणि पडद्यावरची, सपाट आणि खोल, अशी सगळी रूपं करून तुलना केली. तिसऱ्या मितीत जितकी मोकळीक, तितकं सापडायला अवघड, असा निकाल आला. खऱ्या वस्तूंच्या मांडणीतसुद्धा!

मला यातून जे समजतं ते असं: पठारावर पान सापडलं ते तिसऱ्या मितीमुळे नव्हे, तिथे आपणच ठेवलं होतं म्हणून. आपल्या हाताने ठेवलेली वस्तू कुठे आहे ते लक्षात राहतं. दालनात पुस्तकं दुसऱ्याने लावलेली असतात, तिथे ही आठवण चालत नाही.

तेव्हा दालनाचा हट्ट असलेल्यांना एक टेबल द्या. वाचकाचं स्वतःचं. सपाट. त्यावर त्याने हवी ती पुस्तकं हवी तिथे ठेवावीत, कोपऱ्यात ढीग करावा, आणि परत आल्यावर सगळं जसंच्या तसं असावं. खरं ग्रंथालय हे करू देत नाही. संध्याकाळी टेबलं आवरतात.

देवघेव खिडकी

आवरतो, कारण दुसऱ्या दिवशी कुणीतरी तेच पुस्तक मागतं आणि जागेवर नसतं. जागेवर नसलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक. पडद्यावर हा प्रश्न नाही, टेबल जरूर द्या.

एकोणिसावं पान

उशिरा आलो. सगळे कपाटांवर बोलताय, पण रूपकाचा खरा काच देवघेवीत बसतो. कपाटाचं चित्र काढून टाकता येतं, नियम काढता येत नाहीत.

डिजिटल प्रत एका वेळी एकालाच का द्यायची? प्रत झिजत नाही, दुसऱ्याला दिली म्हणून पहिल्याची जात नाही. तरी ई-पुस्तकाला रांग असते, 'तुमच्या आधी अमुक जण', मुदत संपली की पुस्तक आपोआप 'परत'. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने अट घातली की ग्रंथालयाने घेतलेलं ई-पुस्तक २६ वेळा देऊन झालं की परवाना संपला, नव्याने घ्या. छापील पुस्तकही वापरून झिजतंच, असा त्यामागचा युक्तिवाद. म्हणजे झिजण्याचंही रूपक! इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने 'आमच्याकडे छापील प्रत जितकी, तितक्याच जणांना डिजिटल' असं उसनं देणं चालवलं, तर प्रकाशकांनी २०२० मध्ये खटला भरला आणि २०२३ व २०२४ मध्ये दोन्ही न्यायालयांत निकाल अर्काइव्हच्या विरुद्ध गेला.

बाजू कुणाचीही घ्या, पण इंटरफेस करणाऱ्याने एक प्रामाणिकपणा ठेवावा. 'सर्व प्रती बाहेर आहेत' असं लिहू नये. प्रत कुठेही बाहेर गेलेली नसते. 'परवान्यानुसार एका वेळी इतकेच वाचक' असं लिहावं.

निळी शाई

सुदैवाने आमचा बहुतेक संग्रह स्वामित्वहक्कातून मुक्त झालेला आहे, त्यामुळे रांग नाही. थोडी पुस्तकं तशी नाहीत, त्यांच्यापुरती तुमचं वाक्य जसंच्या तसं उचलते.

बैठकीला हे घेऊन जाते: वर शोधपेटी. निकालातलं पुस्तक उघडलं की आडवी थप्पी, मधोमध ते पुस्तक, दोन्ही टोकांना विषयाच्या पाट्या. थप्पीवर 'फळी बदला': वर्गांकाने, काळाने, मुखपृष्ठाच्या रंगाने. लांडग्याला कुत्र्याजवळ नेणारी फळी हाताने करावी लागेल, ती खिडकी ताईंसारख्या कुणीतरी करून द्यावी अशी विनंती. खाते उघडलं तर टेबल. दालन नाही, फारच रडारड झाली तर संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर एक चित्र लावेन, त्याला टिचकी मारून काहीही होणार नाही.

कर्सर, थप्पीतलं एक पुस्तक तुम्हाला कसं ऐकू यायला हवं? कुठल्या क्रमाने?

कर्सर

आधी शीर्षक, मग लेखक, मग साल. जाडी वगैरे त्यानंतर. वर्गांक सगळ्यात शेवटी, आणि तोही मागितला तरच. 'तीनशेपैकी बारावं' हे प्रत्येक पुस्तकाला नको, थप्पीत शिरताना एकदा पुरे. शीर्षकाआधी 'पुस्तक:' असं तर मुळीच नको, ग्रंथालयात आणखी काय असणार?

टिचकी

शोधपेटी वर आहे ना? मग माझी हरकत नाही. एकच अट. थप्पीत भटकून 'मागे' दाबलं तर मी निकालांच्या ज्या ओळीवर होतो तिथेच परत यायला हवं. यादीच्या डोक्यावर नेऊन आपटलंत तर तुमचा शेजार तुम्हालाच लखलाभ.

अर्धविराम

ते माझ्याकडे. थप्पीत एकेक पाऊल टाकलं की ब्राउझरमधला पत्ता बदलायचा, पण त्याच्या इतिहासात नवी नोंद करायची नाही, म्हणजे एकदा 'मागे' दाबलं की थेट निकालांवर. फळी बदलली तर मात्र नोंद करायची. शाई, हे आराखड्यात लिहून ठेव, नंतर जोडायला गेलं की फार छळतं.